ब्रश वाटले, तक्ते दाखवले, तरी पोरांचे दात किडतात: शिकवायचं काय आणि कुणाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची संस्था सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगारांच्या वस्तीत काम करते. अंगणवाडीतली आणि पहिली-दुसरीतली मुलं तुमच्याकडे आहेत. प्लॅस्टिकचा मोठा जबडा, रंगीत तक्ते, एक गाणं आणि शेवटी प्रत्येकाला ब्रश आणि पेस्टची छोटी ट्यूब, असा कार्यक्रम दोन वर्षं चालू आहे. ‘गोड कमी खावे, दिवसातून दोनदा दात घासावेत’ हे मुलांना तोंडपाठ झालंय. यंदा तपासणी केली तर किडलेले दात होते तेवढेच. आता तुम्ही विचारताय की शिकवण्याची पद्धत बदलावी का, तक्त्यांऐवजी व्हिडिओ दाखवावेत का.

माझ्या मते व्हिडिओने काहीही बदलणार नाही. वस्तीत माहितीची टंचाई आहे असं धरून तुम्ही कार्यक्रम आखलाय, आणि गोम तिथेच आहे. साखरेने दात किडतात हे कोणत्याही आईला विचारा, तिला ठाऊक असतं. खरी अडचण रात्री साडेनऊची आहे. दिवसभर विड्या वळून पाठ धरलेल्या बाईने, पेंगुळलेल्या चार वर्षांच्या पोराला मांडीवर आडवं घेऊन त्याच्या तोंडात ब्रश फिरवायचा, हे रोज कसं घडेल? दातांचं शिक्षण द्यायचं ते एवढ्यासाठी. जे शिक्षण त्या दोन मिनिटांपर्यंत पोचत नाही त्याने मुलांचं पाठांतर सुधारतं, दात सुधारत नाहीत. शाळांमधल्या असल्या कार्यक्रमांची जगभर तपासणी झाली आहे आणि चित्र बहुतेक ठिकाणी तेच दिसतं: माहिती वाढते, दातही काही दिवस जरा स्वच्छ दिसतात, कीड मात्र हटत नाही.

मी दंतवैद्य आहे. दवाखाना सांभाळून बरीच वर्षं वस्त्यांमधून काम करते आहे. पुढे लिहिते ते त्या अनुभवावरून. ते सगळं तुमच्या वस्तीला जसंच्या तसं लागू होईल असं मात्र नाही. विडी वळणारी आई निदान घरात असते. यंत्रमागावर पाळी करणाऱ्या घरात संध्याकाळी मूल कुणाच्या ताब्यात असतं ते आधी शोधावं लागतं. ऊसतोडीला आलेली कुटुंबं तर हंगाम संपला की कोपी मोडून निघून जातात, तिथे महिन्या-महिन्याने पाठपुरावा करण्याच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी एका भेटीत दातांवर फ्लोराइडचा वार्निश, म्हणजे कीड रोखणारा लेप, लावून मोकळं होणं हाच शहाणपणा. तालुक्यातल्या गावात काम असेल तर आणखी एक बघावं लागतं, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किती आहे ते. पिण्याच्या पाण्यात एक लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. मुलांच्या कायमच्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी डाग सर्रास दिसत असतील तर ते पाण्यातल्या जास्त फ्लोराइडचे असू शकतात, आधी पाण्याची तपासणी करून घ्या.

आता दात किडतो कसा, याचा तुमच्या कामापुरता भाग सांगते. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातातला चुना विरघळायला लागतो. मग अर्ध्या-पाऊण तासात लाळ ते आम्ल मारते आणि विरघळलेलं थोडंफार परत भरून काढते. म्हणजे साखर किती खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं. १९४५ नंतर स्वीडनमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांच्या एका संस्थेत मुद्दाम गोड खायला घालून प्रयोग झाला होता. आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही, आणि करूही नये. पण त्यातून एक गोष्ट पक्की कळली. जेवणासोबत साखर दिली तेव्हा कीड फारशी वाढली नाही. जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफी दिल्या तेव्हा भराभर वाढली. तुमच्या वस्तीतलं मूल सकाळी चहा-बिस्किट खातं, दहाला पाच रुपयांचा पुडा, दुपारी लिमलेटच्या गोळ्या, चारला परत चहात बुडवलेला टोस्ट, उन्हाळ्यात वरून पेप्सीची कांडी, आणि रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली. लाळेला सावरायला फुरसतच मिळत नाही. त्यात झोपेत लाळ जवळजवळ आटते. बाटली तोंडात घेऊन झोपलेल्या पोराचे वरचे पुढचे चार दात आधी जातात, कारण खालच्या दातांवर जीभ असते आणि लाळेच्या ग्रंथीही तिथेच उघडतात.

याला उतारा काय? फ्लोराइडची पेस्ट. इथे लोकांचा एक गैरसमज आहे आणि तो आपल्यातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांचाही असतो: ब्रशने घासल्यामुळे कीड टळते. नुसत्या घासण्याने कीड टळल्याचा पुरावा कमकुवत आहे. काम करतं ते पेस्टमधलं फ्लोराइड, ब्रश ते दातापर्यंत पोचवतो. फ्लोराइडच्या पेस्टमुळे मुलांमधली कीड सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, हे खूप मोठ्या संख्येने झालेल्या चाचण्या एकत्र करून पाहिलेलं आहे. म्हणून वाटण्याआधी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड चालतं आणि असेल तर ते खोक्यावर छापावं लागतं. छापलेलं नसेल तर ती पेस्ट आपल्या कामाची नाही, मग तिच्यावर लवंग असो नाहीतर कडुलिंब. लाल मंजन, मीठ, राखुंडी यांचंही तेच. घरातल्या आज्जीशी मंजनावरून वाद घालू नका. ‘सकाळी तुमचं मंजन, रात्री ही पेस्ट’ एवढी तडजोड झाली तरी पुष्कळ.

पेस्ट किती घ्यायची? तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात ती विक्रीसाठी. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण पाव ग्रॅम. १०० ग्रॅमची ट्यूब एका मुलाला दिवसातून दोनदा वापरून सहा महिन्यांहून जास्त पुरते. हा हिशोब आयांसमोर बसून करा. रोजचा पाच रुपयांचा पुडा महिन्याला दीडशे रुपये खातो, हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. विड्यांच्या हिशोबात त्या आपल्याला ऐकणार नाहीत.

घासून झाल्यावर थुंकायचं, चूळ भरायची नाही. चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. सोलापुरात हा मुद्दा पटवायला मला कधी जड गेलं नाही. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येतं, पिंपातलं पाणी जपून वापरायचं असतं, रात्री अंधारात पोराला मोरीपर्यंत न्यायचा आईला कंटाळा असतो. ‘पाणी लागतच नाही, अंथरुणाशेजारी बसून घासा, वाटीत थुंकू द्या’ म्हटलं की निम्मी अडचण तिथेच मिटते. रोजच्या धबडग्यातली एखादी कटकट ज्या सल्ल्याने कमी होते तो सल्ला टिकतो.

आता मुख्य मुद्दा, शिकवायचं कुणाला. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात नीट वळत नाही. त्याने ब्रश चावला, पुढचे चार दात घासले, झालं. म्हणून मोठ्या माणसाने घासून द्यावं लागतं, आणि चार वर्षांच्या मुलांपुढे जबडा नाचवून फार काही हाती लागत नाही. शिकवायचं त्याला झोपवणाऱ्या माणसाला. ते कोण, हे गृहीत धरू नका. बऱ्याच घरांत ती आई नसते. आज्जी असते, किंवा पाचवी-सहावीतली थोरली बहीण. आई विड्या पुऱ्या करते आणि ताई धाकट्याला भरवते, झोपवते. त्या पोरीवर आधीच घरकामाचा बोजा आहे आणि आपण त्यात भर घालतोय, हे मला खटकतं. पण तिला हे काम आवडतं असं मी पाहिलंय. आधी स्वतःचे दात घास, मग त्याचे, असं सांगितलं तर दोघांचेही होतात.

आणि केव्हा? सकाळी नको. विड्या कारखान्यात पोचवून पान-तंबाखू आणायची बायकांची घाई असते. मला दुपारी तीन ते पाच ही वेळ बरी वाटते. बायका दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असतात, हात गुंतलेले, कान मोकळे. तुम्हीही शेजारी पायरीवर बसा. हजेरीपट, बॅनर, माइक काही नेऊ नका. तुम्ही उभं राहून भाषण केलंत तर त्या ‘हो मॅडम’ म्हणतील आणि विषय संपेल.

एक बोलणं कसं चालतं ते लिहिते. घर तेलुगू, पण माझ्याशी त्या मराठीत बोलतात. अडलं की शेजारची अक्का मधे पडते.

मी दातांपासून सुरुवात करत नाही. ‘ह्याला रात्री झोपवतं कोण?’ असं विचारते.

‘मीच की. बाटली दिल्याशिवाय झोपतच नाही.’

‘बाटलीत काय असतं?’

‘दूध. कधी चहा.’

‘साखर?’

‘घालावी लागते की, नायतर थुंकतो.’

इथे आपल्यातला उपदेशक उसळी मारतो. त्याला दाबा. ‘मग तर तुमची चांगलीच दमछाक होत असेल’ एवढंच म्हणा, कारण ते खरं असतं. मग पोराला दोघींच्या मांडीवर घ्यायचं. आपण आणि आई समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, मुलाचं डोकं आपल्या मांडीवर, पाय आईच्या कमरेशी. तो रडला तर उत्तम, तोंड आपोआप उघडतं. आता वरचा ओठ आईलाच उचलायला सांगा, हात धुऊन. तिच्या बोटांना तंबाखू असते. हिरडीच्या कडेला पुढच्या दातांवर खडूसारखी पांढरी रेघ दिसते का ते पाहायचं.

‘हे काय चिकटलंय, दूध?’ असं ती विचारतेच. कापसाने पुसायला द्या. रेघ जात नाही. ती पुसून पाहते, नखाने खरवडायला जाते, आणि मग आपल्याकडे बघते. तक्त्यावरच्या राक्षसाला जे जमत नाही ते या क्षणी होतं. कारण हा तिच्या पोराचा दात आहे. तेव्हा सांगायचं: ‘इथला चुना निघायला लागलाय. अजून भोक पडलेलं नाही. रोज रात्री पेस्ट लागली आणि बाटलीतली साखर कमी झाली तर ही कीड इथेच थांबते.’ हे खरंच थांबतं. पांढरी रेघ खरखरीत असते ती काही महिन्यांनी गुळगुळीत, चमकदार होते. तपकिरी खड्डा झाल्यावर मात्र पेस्टने भरून येत नाही.

यानंतर आज्ञा नाही, पर्याय द्यायचे. बाटलीतली साखर दर चार दिवसांनी थोडी-थोडी कमी करत न्यायची, किंवा दूध संध्याकाळी कपात पाजून झोपताना नुसत्या पाण्याची बाटली द्यायची, किंवा दूध आहे तसं राहू दे पण त्यानंतर पेस्टचा ब्रश फिरवून मगच झोपवायचं. यातलं कोणतं जमेल, हे तिला ठरवू द्या. ती तिसरा निवडते की पहिला, याने मला फरक पडत नाही. तिने निवडलेलं ती करून पाहते, आपण लादलेलं ती ऐकून घेते. मग म्हणायचं, ‘आज रात्री कसं कराल ते आत्ताच दाखवा.’ हा भाग गाळू नका. इथेच कळतं की ती फक्त खालचे पुढचे दात घासतेय, ओठ उचलतच नाहीये आणि मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचलाच नाही. हात धरून दाखवा, परत करायला लावा. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं लागतात. एका दुपारी चार घरं झाली तर भरपूर.

याला पाठबळ देणारा एक अभ्यास सांगते, कारण तो आपल्याच बाजूच्या लोकांवर झालेला आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात स्थायिक झालेल्या पंजाबी कुटुंबांतली सहा ते अठरा महिन्यांची २४० मुलं संशोधकांनी घेतली. निम्म्या आयांना माहितीपत्रक आणि व्हिडिओ दिला. उरलेल्यांना तेच दिलं, शिवाय एकदा पाऊण तास बसून असंच पर्याय देणारं बोलणं आणि नंतर सहा वेळा फोन. २००४ मध्ये एका वर्षाचे निष्कर्ष छापून आले: पहिल्या गटात दर मुलामागे सरासरी १.९१ नवी कीड, दुसऱ्यात ०.७१. तुमच्या व्हिडिओच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आता दुसरी बाजूही सांगायला हवी. नंतर इतर देशांत, विशेषतः फार गरीब वस्त्यांत, हीच पद्धत वापरली तेव्हा काही ठिकाणी कीड कमी झाली नाही. माझा अर्थ असा की बोलणं कितीही चांगलं असलं तरी घरात पेस्ट नसेल, दुखणाऱ्या दाताला उपचार नसेल, तर ते कोरडंच राहतं. म्हणून बोलण्याबरोबर फ्लोराइड पोचवायची सोय हवी.

ती सोय सर्वांत स्वस्तात होते अंगणवाडीत. स्कॉटलंडने २००६ पासून बालवाड्यांमध्ये शिक्षिकेच्या देखरेखीखाली रोज फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून घ्यायला सुरुवात केली, आणि शाळेत नव्याने दाखल होणाऱ्या मुलांची कीड तिथे खरोखर कमी झाली. गरीब वस्त्यांतल्या मुलांना त्याचा चांगला फायदा झाला. तुमच्याकडे हे जमण्यासारखं आहे. खाऊ झाला की मुलं ओळीत बसतात. एका स्टीलच्या ताटलीच्या कडेने पेस्टचे वाटाण्याएवढे ठिपके काढून ठेवायचे आणि प्रत्येकाने आपला ब्रश एका ठिपक्यावर टेकवायचा. ट्यूब ब्रशला लावायची नाही, एकाची थुंकी दुसऱ्याकडे जाते. ब्रशवर नाव किंवा निरक्षर मुलांसाठी चित्र, आणि ब्रश एकमेकांना न लागता उभे सुकतील असा भोकांचा डबा. घासून थुंकायचं, पाणी नको. पाच मिनिटांचं काम आहे.

अंगणवाडीताईला हे सांगताना मात्र जपून. तिच्या डोक्यावर वजन-उंचीच्या नोंदी, मोबाइलमधली माहिती, पोषण आहार आणि सर्वेक्षणं आधीच आहेत. तिला आणखी एक रजिस्टर दिलंत तर ती ते भरेल आणि ब्रश कपाटात राहतील. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी तुम्ही काढा, पेस्ट तुम्ही पुरवा, तीन महिन्यांनी ब्रश तुम्ही बदला. तिच्याकडून फक्त ती पाच मिनिटं मागा.

खाण्याविषयी थोडं. ‘बिस्किट देऊ नका’ हे वाक्य मी कधीच सोडून दिलंय. पोर रडलं की आई पुडा देते कारण तिला संख्या पुरी करायची असते. हजार विड्यांवर तिची मजुरी बेतलेली आहे आणि पाच रुपयांत तिला अर्धा तास मिळतो. हे अज्ञान नाही, हिशोब आहे. त्या हिशोबात बसेल असंच काहीतरी सुचवावं लागतं. शेंगदाणे, फुटाणे, कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणी लावून, हे आपल्याकडे घरात असतंच आणि पोर ते बराच वेळ चघळत बसतं. अगदी लहान मुलाला मात्र अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. गोड बंद करायचं नाही, जेवणाला चिकटवायचं: पुडा द्यायचा तर दुपारच्या जेवणानंतर लगेच, एकदा. बिस्किट आणि टोस्ट ‘गोड’ नाहीत असं बऱ्याच जणींना वाटतं, चहात भिजलेलं बिस्किट दाढेच्या खाचेत लुकदीसारखं बसतं हे ओठ उचलूनच दाखवा. चिक्कीला शेंगदाण्याच्या खात्यात घालू नका. आणि गड्ड्याच्या जत्रेत पोरांनी काय खाल्लं यावर चकार शब्द काढू नका. जत्रेने दात किडत नाहीत, रोजच्या चार वाजताने किडतात.

मिश्रीबद्दल. तुमच्या वस्तीत आया-आज्ज्या मिश्री लावत असणार, तंबाखू तर घरातच आहे. टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण तव्यावर भाजलेल्या मिश्रीला ती कशी आडवी येणार? पहिल्या भेटीत तिच्या मिश्रीवर बोलू नका, दार बंद होतं. एकाच बाबतीत ठाम राहा: पोराचा दात दुखला किंवा हिरडी शिवशिवली म्हणून त्याला मिश्री लावायची नाही. तिच्या स्वतःच्या सवयीचा विषय ती स्वतः काढते, साधारण पोराचा दात बरा दिसायला लागल्यावर.

पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती तुमच्या तक्त्यात नाही असं दिसतं. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ येते. ती येण्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाची समजतात. ती कायमची असते आणि तिच्या खोल खाचांमुळे सर्वांत आधी किडते. मुलांना जिभेने ती चाचपायला लावा, आरशात दाखवा. सहा-सात वर्षांच्या पोराला आपल्याला ‘मोठ्या माणसाची दाढ’ आल्याचं कौतुक असतं, त्या कौतुकावर ब्रश आडवा धरून मागपर्यंत न्यायला ते शिकतं. ‘दुधाचे दात पडणारच आहेत’ हे तुम्हाला घरोघरी ऐकायला मिळेल. त्यावर उत्तर असं की दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तोवर दुखणं, सूज, अर्धवट जेवण आणि बुडालेली शाळा सोसायची का?

ज्यांचे दात आधीच किडलेत त्यांना शिकवत बसू नका, आधी उपचार. ठणकणारी दाढ असलेल्या पोराच्या तोंडात आई ब्रश घालूच शकत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आपल्याच राज्यात पालघरला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात आणि दातही बघतात. त्यांच्या तारखा मिळवा, तुमची यादी त्यांना द्या. पण नुसती चिठ्ठी देऊन आई सिव्हिलला जात नाही. जाणं-येणं, रांग आणि बुडालेली मजुरी मिळून तिचा अख्खा दिवस जातो. आठवड्यातून एक दिवस ठरवून पाच-सहा मुलांना घेऊन तुमची एक कार्यकर्ती जाऊ शकली तर तेवढा एकच बदल मोठा ठरेल.

लहान, रडणाऱ्या मुलांसाठी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध फार उपयोगी आहे. भूल नाही, मशीन नाही, कीड लागलेल्या जागी थेंब लावायचा, बहुतेक ठिकाणी कीड तिथेच थांबते. लावायचं दंतवैद्यानेच, आणि सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. फ्लोराइडची पेस्ट आणि दात भरायला वापरतात ते ग्लास आयोनोमर सिमेंटही त्याच वेळी त्या यादीत आलं. तोटा एकच, किडलेला भाग कायमचा काळा होतो. हे लावण्याआधी फोटो दाखवून आईला सांगायला हवं, आणि पुढच्या दातांसाठी ‘नको’ म्हणायचा तिला हक्क आहे. न सांगता लावलंत तर दुसऱ्या दिवशी ‘डॉक्टरणीने पोराचे दात जाळले’ अशी बातमी गल्लीभर होते आणि तुमचं वर्षभराचं काम पाण्यात जातं.

काम चाललंय की नाही हे कसं मोजायचं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. मुलांची परीक्षा घेऊ नका. महिन्याने घरी जा आणि म्हणा, ‘पेस्ट दाखवा बघू.’ ट्यूब किती दाबली गेलीय यातून खरं कळतं. ब्रश कुठे आहे तेही बघा. मी कित्येक घरांत वाटलेले ब्रश पाहुण्यांसाठी म्हणून प्लॅस्टिकसकट पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले पाहिलेत. ब्रश मोरीपाशी किंवा खिडकीत, केस वाकलेला सापडला तर समजायचं वापरात आहे. नसेल तर रागावू नका, काय आडवं आलं ते विचारा. कधी उत्तर असतं ‘सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोराला कशाला पेस्ट’, मग पुढची भेट सासूबाईंची. तपासणीत पांढऱ्या रेघा आणि खड्डे वेगवेगळे नोंदवा. दोन्ही एकाच रकान्यात घातलेत तर थांबलेली कीडही किडीतच मोजली जाते. आणि निकाल वर्षाआधी मागू नका, देणगीदारांनाही आधीच सांगून ठेवा.

व्हिडिओसाठी मिळालेल्या पैशांचं काय, तर माझ्या हातात असते तर ते असे खर्चले असते: अंगणवाड्यांसाठी वर्षाची पेस्ट आणि बदलायचे ब्रश, आणि वस्तीतल्याच दोन बायकांना थोडं मानधन. ज्यांच्या पोराच्या दातावरची पांढरी रेघ चमकायला लागलीय अशा दोघी निवडा, त्यांतली एक तरी तेलुगू बोलणारी हवी. त्यांनी आपल्या गल्लीतल्या दहा-बारा घरांत जायचं आणि अधूनमधून रात्री नऊला फोन करायचा, ‘काय गं, घासले का त्याचे?’ तुम्ही किंवा मी हा फोन केला तर ती चौकशी वाटते. शेजारणीने केला तर बाई हसते आणि उठते. गाणं आणि जबडा टाकून देऊ नका. मुलांना ते आवडतं, आणि आया गोळा व्हायला त्यांचा उपयोग होतो. आया जमल्या की जबडा पिशवीत ठेवा आणि पायरीवर बसा.